बापाने घराबाहेर काढलेला हेर



हेरकथा हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभणारा आहे काय, अशी शंका सभेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आली असेल. ती आम्ही गैर मानीत नाही. रहस्यकथा म्हणजे आगगाडीत वाचावयाची आणि उतरताना बाकावर विसरून जावयाची वस्तू, अशीच आपल्याकडे समजूत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांची पुस्तके वाचनालयांतून हातोहात जात. पण वाङ्मयाच्या इतिहासात अर्नाळकरांना ओसरीवरच बसवले गेले, माजघरात कोणी बोलावले नाही. तेव्हा आज आम्ही जी हेरकथा सांगणार आहो ती अशा ठिकाणाहून काढणार आहो, की जिथे सोवळ्यातल्या माणसालाही जायला हरकत नाही. ती संस्कृतात आहे. ती विदर्भाची आहे. आणि आमचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे म्हणणे खरे असेल तर ती याच गावाची, आपण बसलो आहो त्या वाशिमची आहे.

हेरकथांचे एक विशिष्ट घराणे आहे. आमचा विषय तेवढाच. या घराण्याचा नायक विजयी वीर नसतो, तर खात्यातून हाकललेला, बदनाम झालेला, दारूच्या आहारी गेलेला किंवा गेलासा वाटणारा माणूस असतो. इंग्रजीत जॉन ल कॅरे याने १९६३ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यातला लीमस हा बर्लिनमधला हेर. त्याची सगळी माणसे मारली जातात, तो लंडनला परततो, आणि वरिष्ठ त्याला सांगतात की आता तू नोकरीतून उतरलेला माणूस म्हणून वाग. तो पितो, वाण्याला मारहाण करतो, तुरुंगात जातो. हे सारे एवढ्यासाठी की शत्रूच्या हेरांनी त्याला विकत घेण्यास यावे. त्याच लेखकाच्या १९७४ च्या कादंबरीत स्मायली नावाच्या अधिकाऱ्याला खात्यातून सक्तीने घरी बसवलेले असते, आणि खात्यातलाच फितूर शोधून काढण्यासाठी त्याच घरी बसवलेल्या माणसाला मागच्या दाराने बोलवावे लागते. अलीकडे, २०१० पासून, मिक हेरन याने याच घराण्याची नवी शाखा काढली. त्याच्या कादंबऱ्यांत लंडनमध्ये एक कळकट कचेरी आहे. ज्यांच्या हातून काही चूक झाली, घोटाळा झाला, अशा हेरांना तिथे बसवून निरर्थक कागद चाळायला लावतात. हेतू हा, की कंटाळून त्यांनी आपण होऊन राजीनामा द्यावा. ते राजीनामा देत नाहीत. आपल्या नावावरचा डाग धुऊन काढण्याची एक संधी मिळेल म्हणून ते वाट पाहत बसतात. २०२२ पासून याची चित्रमालिकाही निघाली, आणि आमच्या घरातली तरुण मंडळी ती रात्र रात्र जागून पाहतात.

हे वाचताना आम्हांला नेहमी वाटते, की या सगळ्याची पाळेमुळे आपल्याकडे फार जुनी आहेत. कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहा. पहिल्याच अधिकरणात गूढपुरुष कोठून मिळवावेत याचा विचार आहे. एका जागी ठाण मांडून राहणारे हेर तो पाच प्रकारचे सांगतो. त्यांतला ‘उदास्थित’ म्हणजे संन्यास घेऊन त्यापासून ढळलेला माणूस. ‘गृहपतिक’ म्हणजे ज्याची शेती बुडाली आहे असा शेतकरी. ‘वैदेहक’ म्हणजे ज्याचा धंदा बसला आहे असा व्यापारी. बुद्धी आणि सचोटी मात्र तिघांच्याही अंगी असली पाहिजे. पाचांपैकी तीन जण असे समाजाच्या पायरीवरून घसरलेले! कौटिल्य त्यांना जमीन देतो, भांडवल देतो, आणि सांगतो की तुम्ही पूर्वीचाच व्यवसाय करा, आल्यागेल्या उपाशी मंडळींना पोसा, आणि त्यांतून आणखी हेर तयार करा. घसरलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्याची भूक असते हे त्याने ओळखले होते. त्या भुकेवर त्याने राज्याचा एक विभाग चालवला. यात दया नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण पुढेच तो म्हणतो, की बातमी तीन वेगवेगळ्या हेरांकडून एकसारखी आली तरच खरी मानावी, आणि जो वारंवार चुकतो त्याचा गुपचूप निकाल लावावा. हेरनच्या कचेरीतल्या लोकांना निदान कागद तरी चाळायला मिळतात.

आणखी एक प्रकरण आहे. परराज्यातली माणसे कशी फोडावीत हे सांगताना कौटिल्य रागावलेल्यांची एक यादीच देतो. ज्याला वचन देऊन फसवले, ज्याचा मान किंवा अधिकार काढून घेतला, ज्याला कारण नसता बंदीत टाकले, ज्याच्या घरच्या बायकांवर हात टाकला, ज्याला हद्दपार केले, अशा माणसांची. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती शत्रूच्या उपयोगासाठी असली तरी प्रत्येक राज्याने आपल्या घरात पाहावयाचा आरसाच आहे. आपण ज्यांना अपमानित केले ते सारे शत्रूच्या वहीत उमेदवार म्हणून नोंदले जात असतात. आणि शेवटी, तेराव्या अधिकरणात, याच ज्ञानावर उभारलेला डाव आहे: आपल्याच विश्वासातल्या माणसाला लटकेच घालवून द्यावे, म्हणजे तो शत्रूच्या आश्रयाला जाईल. खरोखर अपमानित झालेली माणसे जगात इतकी असतात, की एखादा खोटा अपमानित त्यांत सहज खपून जातो.

विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ पुष्कळांनी वाचले असेल. त्या नाटकात चाणक्याची माणसे अशीच राक्षसाकडे आणि मलयकेतूकडे पोचतात. जीवसिद्धीला अपमान करून नगराबाहेर घालवलेले असते. सिद्धार्थक वधस्तंभापासून शकटदासाला सोडवून पळून आल्याचा देखावा करतो. भागुरायण रुसून निघून गेलेला असतो. चंद्रगुप्त आणि चाणक्य यांचे भांडणसुद्धा लटके! पण ते नाटक पाटलिपुत्राचे. आम्हांला सांगावयाची आहे ती कथा दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या आठव्या उच्छ्वासातली, विश्रुताची.

ती सांगण्यापूर्वी या गावाविषयी दोन शब्द. येथील मंडळींना ते ठाऊक आहेत, पण व्याख्यान छापले जाणार आहे, आणि बाहेरच्या वाचकाला वाशिम म्हणजे अकोल्यातून १९९८ साली वेगळा झालेला एक जिल्हा, एवढेच माहीत असण्याचा संभव आहे. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची ही राजधानी. १९३९ साली द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट प्रसिद्ध झाला, तो वाशिमलाच सापडलेला. राजाच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी तो वत्सगुल्माहून दिला आहे, आणि नांदेडकडच्या भागातल्या एका गावाचे दान त्यात आहे. त्याने या शाखेचा इतिहास मुळापासून उजेडात आला. येथून जवळच हिस्से बोराळा येथे देवसेनाच्या काळचा शिलालेख आहे, शके ३८० चा, म्हणजे इसवी सन ४५८ च्या सुमाराचा. त्यात सुदर्शन नावाच्या तळ्याचा उल्लेख आहे. देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले आणि त्यात या घराण्याची वंशावळ लिहून ठेवली. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची नावे हरिषेणाच्या संदर्भात त्या लेखात येतात. लेख झिजला आहे, नेमके क्रियापद हाती लागत नाही. पण नावांचा पसारा पाहिला तरी हा राजा लहानसहान नव्हता हे दिसते. आणि त्याच्यानंतर काय? काही नाही. पुढच्या राजाचा एक ताम्रपट नाही, एक शिलालेख नाही. दिवा मालवावा तसे हे राज्य इतिहासातून नाहीसे होते.

मिराशींनी या अंधारात दंडीची कथा धरली. आता ती ऐका.

विदर्भात भोजवंशात पुण्यवर्मा नावाचा आदर्श राजा झाला. त्याच्यामागून त्याचा मुलगा अनंतवर्मा गादीवर आला. मुलगा सर्वगुणसंपन्न, कलांत निपुण. फक्त एकच गोष्ट त्याला नकोशी होती, ती म्हणजे राज्यशास्त्र. वसुरक्षित नावाचा बापाच्या वेळचा वृद्ध मंत्री होता. त्याने राजाला एकांतात गाठून सांगितले की बुद्धी कितीही तेजस्वी असली तरी शास्त्राच्या अग्नीतून गेल्याशिवाय ती उजळत नाही. राजाने ऐकून घेतले, मान डोलावली, आणि अंतःपुरात जाऊन ही हकीकत सांगून टाकली.

तिथे विहारभद्र बसला होता. गाणे, नाच, थट्टा, चहाड्या, लाच घेणे, सगळ्यांत पटाईत असा हा राजाचा आवडता. त्याने वसुरक्षिताची जी टर उडवली आहे ती दंडीच्या गद्याचे लेणे होय. आम्ही तिचा फक्त आशय आमच्या शब्दांत सांगतो. महाराज, त्या विष्णुगुप्ताने सहा हजार श्लोकांत सगळी नीती कोंबली आहे, ती शिकता शिकता म्हातारपण येईल. आणि शिकून काय मिळणार? सकाळी तोंडात घास जातो न जातो तो जमाखर्च ऐकायला बसा. तुम्ही ऐकत असता तोच अधिकारी दुप्पट चोरतात. चाणक्याने पैसे खाण्याचे चाळीस प्रकार सांगितले, हे लोक त्यांचे हजार करतात. मग रयतेची भांडणे ऐकून कान किटवा. मग जेवा, आणि जेवलेले पचेपर्यंत विषाच्या भीतीने मरा. रात्र पडली की हेर येतात. झोपेची वेळ आली की डोक्यात चिंता. पहाटे भटजी येतात आणि सांगतात, महाराज, स्वप्न वाईट पडले, ग्रह फिरले, शांती करा, भांडी मात्र सोन्याची असू द्या. असले राज्य करण्यापेक्षा मजा करा.

सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेला कोणीही माणूस हे ऐकून हसेल. आम्हीही हसलो. विहारभद्र मूर्ख नाही. त्याचे प्रत्येक वाक्य अनुभवाला धरून आहे. म्हणूनच तो घातक आहे. कारण ज्या क्षणी विदर्भाच्या राजवाड्यात कौटिल्याची अशी थट्टा चालली होती, त्याच क्षणी शेजारच्या राजवाड्यात कौटिल्याचे पुस्तक उघडे होते.

शेजारी म्हणजे गोदावरीकाठचा अश्मक देश. तिथला राजा वसंतभानू. नावाने तो अनंतवर्म्याचा मांडलिक. त्याचा मंत्री इंद्रपालित, आणि त्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित. हा चंद्रपालित एके दिवशी विदर्भाच्या दरबारात येऊन हजर झाला. वागणूक वाईट म्हणून बापाने घराबाहेर काढलेला, ओवाळून टाकलेला मुलगा! बरोबर भाट, चारण, कलावंतिणी आणि नाना वेशांतले नोकरचाकर. ते नोकर कोण होते हे सांगावयास नको. त्याने प्रथम विहारभद्राला खिशात घातले, आणि विहारभद्राच्या हाताने राजाला.

त्याची पद्धत पाहा. राजाला नवे व्यसन लावण्याचा खटाटोप त्याने केला नाही. राजा ज्या व्यसनाकडे वळेल त्याची तो शास्त्रशुद्ध भलावण करी. शिकार? महाराज, याहून आरोग्याला हितकर काय आहे? कफ जातो, भूक वाढते, अंग हलके होते, पिके खाणारी हरणे मरतात, वाघ-लांडगे मेल्याने वाटा निर्भय होतात, डोंगर-रानाची पाहणी होते, रानातल्या लोकांचा विश्वास बसतो. द्यूत? ढीगभर द्रव्य गवताच्या काडीसारखे टाकण्याची उदारता आणखी कुठे शिकावयास मिळेल? मद्य आणि स्त्रिया यांविषयीही असेच. राजाने हे सारे गुरूचा उपदेश मानून ग्रहण केले. राजा तसा झाला म्हणून अधिकारी तसे झाले, अधिकारी तसे झाले म्हणून प्रजा तशी झाली. वसूल आटला, खर्च वाढला, आणि बलवान दुबळ्याला खाऊ लागला.

मग चंद्रपालिताबरोबर आलेल्या नोकरचाकरांचे काम सुरू झाले. विदर्भाचे चांगले योद्धे एकेक करून मरू लागले. कोणाला शिकारीच्या लोभाने दाट गवतात नेऊन वाट बंद करून आग लावली. कोणाला विष घातले. कोणाच्या जुन्या भांडणाला फुंकर मारून एकमेकांकडून मारविले. कोणाच्या आजारात वैद्य म्हणून शिरून आजारच वाढवला. आणि प्रत्येक मृत्यूचे कारण बाहेरून अगदी साधे दिसे. कौटिल्याचे ‘तीक्ष्ण’ आणि ‘रसद’, म्हणजे मारेकरी आणि विष घालणारे, पुस्तकातून उठून कामाला लागले होते.

सैन्य पोखरून झाल्यावर वसंतभानूने वनवासीच्या भानुवर्म्याला विदर्भावर चढाई करण्यास चिथावले. अनंतवर्म्याने मांडलिकांना बोलावणे धाडले. सर्वांच्या आधी मदतीला धावून कोण आला? वसंतभानू! नर्मदेच्या तीरावर छावणी पडली. तिथे कुंतलाधिपती अवंतिदेव याची एक नर्तकी होती, तिचे नावच ‘भूतलावरची उर्वशी’ अशा अर्थाचे. चंद्रपालिताने तिच्या नृत्याची अशी तारीफ केली की राजाने ते पाहिले, आणि मद्याच्या भरात तिला आपल्याकडे ठेवून घेतले. वसंतभानू हलक्या पावलांनी अवंतिदेवाकडे गेला: राजा आता आपल्या माणसांच्या बायकांवर हात टाकू लागला, किती सोसावयाचे? मघाची कौटिल्याची यादी आठवा. मुरल, ऋचिक, कोकण, नाशिक येथले राजेही फुटले. समोरून भानुवर्मा, मागून आपलेच मांडलिक; अनंतवर्मा पडला. आणि लूट वाटण्याची वेळ आली तेव्हा वसंतभानू म्हणाला, तुम्ही आपापल्या पराक्रमाप्रमाणे घ्या, मला काहीतरी थोडके द्या म्हणजे झाले. त्या थोडक्यावरून बाकीचे आपसांत झुंजले आणि संपले. सगळे त्याच्या पदरात पडले. भानुवर्म्याच्या हातावर त्याने काहीतरी ठेवले, आणि विदर्भाचे राज्य गिळले.

वाटणीच्या या प्रसंगात राजांची नावे आहेत. ज्याने हे सारे घडवून आणले त्या चंद्रपालिताच्या वाट्याला काय आले ते सांगितलेले नाही. बापाने त्याला पुन्हा घरात घेतले काय? ज्या राजाबरोबर शिकारी केल्या, रात्री जागविल्या, त्याचे प्रेत नर्मदेच्या वाळूत पाहून त्याला काही वाटले काय? दंडीला या प्रश्नांत रस नव्हता. ल कॅरे नेमका याच ठिकाणी कादंबरी सुरू करील. त्याच्या लीमसला शेवटी कळते की आपली लटकी बदनामी आपल्याला सांगितलेल्या कामासाठी नव्हतीच, आपण ज्याचा नाश करावयास निघालो त्यालाच वाचवण्यासाठी आपल्याला वापरले. जुन्या कथेत हेर हे हत्यार आहे, नव्या कथेत त्या हत्याराला मन आहे. हा फरक मोठा आहे, आणि तो नव्यांच्या बाजूचा आहे, असे आमचे मत आहे.

पण जुन्या कथेत असे एक पात्र आहे की ज्याच्या तोडीचे नव्यांत क्वचित सापडेल. तो म्हणजे वसुरक्षित. चंद्रपालिताची बदनामी खोटी होती, वसुरक्षिताची खरी. राजा आपल्याकडे पाहून हसत नाही, गुपिते सांगत नाही, हात हातात घेत नाही, आपण बोललो की दुसऱ्याशी बोलू लागतो, एवढी सगळी नाराजीची चिन्हे तो मोजतो. त्याला वाटते, निघून जावे. पण वडिलांच्या वेळेपासून ज्यांचे अन्न खाल्ले त्या घराला सोडावयाचे कसे, आणि राहून तरी उपयोग काय? तो राहतो. त्याला कोणी परत बोलावीत नाही. स्मायलीला निदान मागच्या दाराने बोलावणे आले. वसुरक्षिताचे घर शेवटपर्यंत कोणी ठोठावले नाही. नर्मदेवर घात झाल्यावर मात्र राजाचा लहान मुलगा भास्करवर्मा, त्याची तेरा वर्षांची बहीण मंजुवादिनी आणि राणी वसुंधरा यांना घेऊन बाहेर पडला तो हाच म्हातारा. वाटेत त्याला दाहज्वर झाला आणि तो मेला. मुलाला राज्यावर बसलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. आपले शब्द खरे ठरले हे कोणी कबूल केलेलेही त्याने ऐकले नाही. कबूल करणारा उरलाच नव्हता.

हे सारे आपल्याला सांगतो तो नालीजंघ नावाचा एक म्हातारा चाकर. माहिष्मतीला आश्रय दिला त्या मित्रवर्म्याच्या, म्हणजे राजाच्या सावत्र भावाच्या, मनात राणीविषयी पाप होते, आणि मुलाला तर तो मारूनच टाकणार होता. म्हणून राणीने मुलाला या चाकराच्या हवाली केले. दोघे विंध्याच्या रानात भटकले. पाणी काढताना म्हातारा विहिरीत पडला. विहिरीच्या काठी आठ वर्षांचे ते पोर भुकेने, तहानेने आणि भीतीने रडत उभे असता विश्रुत तिथे येतो. तो म्हाताऱ्याला वेलीच्या आधाराने वर काढतो, बांबूच्या नळकांड्याने पाणी पाजतो, दगड मारून फळे पाडतो. विदर्भाचे साम्राज्य उरले ते एवढे: एक विहीर, एक चाकर आणि एक पोर.

आता इतिहासाचा प्रश्न. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा मुलगा, असे मिराशींनी मांडले. विदर्भाच्या राजाला कुंतल, अश्मक, कोकण, नाशिक येथील राजे मांडलिक असावेत अशी स्थिती हरिषेणाच्या काळीच संभवते, हा त्यांचा मुख्य आधार. अमेरिकन विद्वान वॉल्टर स्पिंक यांनी याच कथेच्या आधाराने अजिंठ्याचा सगळा कालक्रम बसवला. त्यांच्या हिशेबाने हरिषेण ४७७ साली वारला, मिराशींच्या हिशेबाने ५०० च्या सुमारास. आक्षेपही आहेत, आणि ते हलके नाहीत. दंडी सातव्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांचा. तो दूर कांचीला, पल्लवांच्या छायेत राहणारा. त्याच्या कथेत वाकाटक हा शब्द नाही, वत्सगुल्म हा शब्द नाही, आणि सगळी नावे वेगळी. उलट बाजूने पाहावे तर दंडीनेच आपल्या घराण्याची हकीकत ‘अवंतिसुंदरी’त दिली आहे, आणि त्याचे पूर्वज अचलपुरास, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या अचलपुरास राहत होते. दंडीचा पणजा दामोदर तिथूनच दक्षिणेला गेला. पणजोबाच्या गावची, आजीच्या तोंडून उतरलेली एखादी हकीकत कांचीत बसलेल्या पणतूच्या लेखणीत उतरली नसेल असे कोणी म्हणावे?

आणखी एक मोह आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या लेखात अश्मकाचा मंत्री भव्विराज आणि त्याच्यामागून मंत्री झालेला त्याचा मुलगा देवराज यांचा गौरव आहे. अश्मकाचा मंत्री आणि त्याचा मुलगा! इंद्रपालित आणि चंद्रपालित डोळ्यांसमोर उभे राहतात. पण इथे लगाम खेचला पाहिजे. त्या लेखात हेरगिरीचे अक्षर नाही, आणि बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने आपल्या मित्राच्या पुण्यासाठी लेणे कोरविले एवढेच तिथे आहे. आमचे स्वतःचे मत असे, की कथेतला तपशील इतिहास म्हणून घेऊ नये, सांगाडा घ्यावा. एक मोठे राज्य एका पिढीत, मांडलिकांच्या फितुरीने, लढाईपूर्वीच हरले होते, ही आठवण खरी असावी. कारण वत्सगुल्माचे ताम्रपट जसे एकाएकी थांबतात, तसे एखाद्याच पराभवाने थांबत नाहीत. पराभव झालेली घराणी लहान होऊन का होईना, काही काळ टिकतात. आतून पोखरलेली टिकत नाहीत.

आणि खऱ्या जगात असे घडते याला दाखला हवा तर फार मागे जावयास नको. इंग्रजांच्या हेरखात्यातल्या किम फिल्बीला १९५१ साली संशयावरून बाहेर पडावे लागले. १९५५ साली पार्लमेंटात मॅकमिलन यांनी त्याला निर्दोष ठरवले. बदनाम माणसावर अन्याय झाला म्हणून मित्र हळहळले. त्याला वार्ताहर म्हणून बैरूटला पाठवले, हेरखात्यानेही पुन्हा हाताशी धरले. १९६३ साली तो पळून मॉस्कोला गेला, तेव्हा सर्वांची खात्री पटली की तो पहिल्यापासून तिकडचाच होता. त्याची बदनामी खरी होती. खोटे होते ते त्याचे निर्दोषत्व. खरा अपमानित कोण आणि सोंगाडा कोण हे ओळखण्याची विद्या अनंतवर्म्याला नव्हती, आणि लंडनच्या शहाण्यांनाही नव्हती.

विश्रुताने पुढे काय केले ते थोडक्यात सांगून आम्ही आटोपते घेतो. त्याने अश्मकाचीच हत्यारे उचलली. मुलाला वाघाने खाल्ले अशी खोटी बातमी पसरवली. विषात भिजवलेल्या माळेने मित्रवर्म्याचा काटा काढला, आणि तीच माळ उताऱ्यात बुडवून मुलीच्या गळ्यात घातली, म्हणजे राणीच्या पातिव्रत्याचा तो प्रभाव ठरला. स्वतः मुलाला घेऊन कापालिकाच्या वेशात स्मशानात राहिला. मंजुवादिनीला मागायला आलेल्या प्रचंडवर्म्याला खेळ करणाऱ्याच्या वेशात भर सभेत मारले. दुर्गेच्या मूर्तीखाली भुयार खणून लोकांसमोर त्या मुलासह प्रकट झाला, तेव्हा देवीनेच राजा दिला असे सर्वांनी मानले. माहिष्मती हाती आली. वसंतभानू अजून विदर्भात बसलेला होता. विश्रुताने मित्रवर्म्याच्या जुन्या मंत्र्याला, आर्यकेतूला, नालीजंघाकडून पारखून आपलासा केला, हेरांची जुळवाजुळव सुरू केली, आणि इथे दंडीचा ग्रंथ मध्येच तुटतो. पुढे जोडलेली ‘उत्तरपीठिका’ दुसऱ्यांच्या हातची आहे. तीत वसंतभानू रणात पडतो आणि भास्करवर्म्याला विदर्भ परत मिळतो. दंडीच्या स्वतःच्या ओळींत मात्र मुलगा अजून माहिष्मतीलाच आहे, आणि विदर्भाकडची वाट हेर धुंडाळीत आहेत.